थट्टा आणि टवाळी



एकनाथमहाराजांचे एक भारुड आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. एक सासुरवाशीण भवानी आईला रोडग्याचा नवस बोलते. यात नवल ते काय? पण तिचे मागणे ऐका. सासरा परगावी गेला आहे, तो तिकडेच खपावा. सासूला आईने लवकर उचलावे. जाऊ फार बोलते, तिचेही बरे होऊ नये. नणंदेचे पोर, इतकेच काय, प्रत्यक्ष नवरासुद्धा त्यातून सुटत नाही. सगळे जावेत आणि आपण एकटीने राहावे, एवढेच तिला हवे असते!

पैठणच्या या सत्पुरुषाने सोळाव्या शतकात हे रचले. ते काही देवीचे निंदक नव्हते. मनातले विकार जावेत आणि जिवाने एकट्याने उरावे, हा भारुडाचा आतला अर्थ. पण माणसे हसतात ती वरच्या अर्थाला, आणि हसता हसता ज्याच्या त्याच्या मनात येते, 'अरे, आपणही देवाला असेच काही मागत नाही ना?' नवस करू नका, असा उपदेश नाथ इथे करीत नाहीत. ते नवस खरा धरतात आणि त्याला शेवटच्या टोकापर्यंत चालवत नेतात. विनोदकाराची मुख्य हातोटी ती हीच.

ती पुढे छापील मराठीतही आली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे व्यवसायाने वकील. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लिहिलेले विनोदी लेख 'सुदाम्याचे पोहे' या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट रूढींचा कैवार घेऊन बोलू लागते, आणि त्या कैवारातच रूढीचे पितळ उघडे पडते. 'चोरांचे संमेलन' हा त्यांचाच लेख. ते दिवस सभा-परिषदांचे होते; मग चोरांनीच काय घोडे मारले? त्यांनीही संमेलन भरवले! सभा पाहिलेल्या वाचकाला आणखी काही सांगावे लागत नाही.

आता राजकारणाचे पाहू. आमच्या पुढाऱ्याचे कधी चुकतच नाही, हीही एक श्रद्धाच आहे, नवसासारखी. तमाशाच्या वगात राजा मूर्ख आणि सोंगाड्या शहाणा असतो, तो याच श्रद्धेवर औषध म्हणून. १९६५ साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले. दरबार राजाचा, पण दादा कोंडके बोलू लागले की लोकांना आपल्याच काळातला कारभार आठवून हसू येई.

दिल्लीत १९४८ साली शंकर पिल्लै यांनी 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक काढले. पंतप्रधान नेहरूंची चित्रे त्यात वरचेवर येत, आणि मलाही सोडू नका, असे खुद्द नेहरूंनीच शंकरना सांगितले होते. हे साप्ताहिक १९७५ साली, आणीबाणी चालू असताना, बंद झाले. हसण्यालाही मोकळी हवा लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे सांगण्याचे कारण आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन. मुले नाटुकले बसवतात, आणि काय चालू द्यावे, काय नको, हा पेच आपल्यापुढे पडतो. मुलांनी सरपंचाची नक्कल केली, आपली स्वतःची केली, तर करू द्या. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला ती पचवता आली पाहिजे. पण कुणाच्या लंगडण्यावर, कुणाच्या जातीवर, दुबळ्याच्या गरिबीवर हशा मिळवायचा असेल, तर तिथे मुलांना थांबवा. ती थट्टा नव्हे, टवाळी होय.

आणि श्रद्धेची थट्टा करायची झाली, तर ती आधी आपल्या घरच्या श्रद्धेची करावी. नाथांनी आपल्याच लोकांच्या नवसाला हात घातला. कोल्हटकरांचा सुदामा त्या त्रिकुटात स्वतःही बसलेला आहे. शेजाऱ्याच्या देवाला हसणे फार सोपे असते. त्याने शेजारी दुखावतो आणि आपण जसेच्या तसे राहतो.

तेव्हा येत्या संमेलनात मुलांना हे भारुड जरूर करू द्या, आणि पडदा पडल्यावर एवढेच विचारा, "तुम्ही देवाला काय मागता रे?"