न्यायासनाची निःपक्षता आणि सुनावणीतील माघार

भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश भय, पक्षपात, ममत्व किंवा आकस न बाळगता कर्तव्य पार पाडण्याची शपथ घेतात. ही शपथ न्यायाधीशाच्या मनाला बांधते. परंतु पक्षकाराला ते मन दिसत नाही. त्याला दिसते ते न्यायासनावरील वर्तन. म्हणूनच न्याय केवळ होऊन भागत नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, हे तत्त्व इंग्लंडमधील १९२३ च्या एका निवाड्यापासून सर्वमान्य झाले.

भारतात १९६९ च्या क्राइपाक खटल्याने या तत्त्वाला बळ दिले. भारतीय वन सेवेसाठी जम्मू-काश्मीरमधील अधिकारी निवडणाऱ्या मंडळावर प्रभारी मुख्य वनसंरक्षक सदस्य होते आणि स्वतः उमेदवारही होते. त्यांच्या नावाचा विचार होताना ते बाजूला राहिले. मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवरील विचारविनिमयात सहभागी झाले. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध व्हावाच लागतो असे नाही, त्याची वाजवी शक्यता पुरेशी आहे, असे न्यायालयाने मानले. पुढे रणजित ठाकूर खटल्यात, १९८७ साली, न्यायाधीशाने स्वतःच्या नव्हे तर समोरच्या पक्षकाराच्या मनाने विचार करावा, असे न्यायालयाने सांगितले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये न्यायिक जीवनमूल्यांची संहिता स्वीकारली. ज्या कंपनीचे समभाग न्यायाधीशाकडे आहेत तिचा खटला, ही बाब उघड केल्याशिवाय आणि कोणाची हरकत नसल्याशिवाय, त्याने चालवू नये, असे तीत म्हटले आहे. तरीही सुनावणीतून माघार केव्हा घ्यावी आणि तिची कारणे द्यावीत काय, याविषयी सर्वंकष कायदा नाही. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाच्या २०१५ च्या खटल्यात हा मतभेद ठळक झाला. पारदर्शकतेसाठी कारणे द्यावीत, असे न्या. कुरियन जोसेफ यांचे मत होते, न्या. मदन लोकूर यांना ते मान्य नव्हते, मात्र या विषयावर नियम असावेत असे त्यांनी सुचविले.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. कारण न देता घेतलेली माघार तर्कवितर्कांना जन्म देते आणि सुनावणी लांबल्याने जामिनाची वाट पाहणाऱ्या बंदीचे दिवस तुरुंगातच जातात. उलटपक्षी, हरकत घेताच न्यायाधीश दूर होऊ लागले, तर साधनसंपन्न पक्षकार आपल्या सोयीचे न्यायपीठ शोधू लागेल. म्हणून हरकतीची कसोटी, तिच्या निर्णयाची मुदत आणि थोडक्यात कारणे नोंदविण्याचे बंधन लेखी नियमांत असणे इष्ट ठरेल.

ही जबाबदारी एकट्या न्यायासनाची नाही. पिता, पुत्र किंवा अन्य निकटचा नातलग न्यायाधीश असलेल्या न्यायालयापुढे वकिलाने उभे राहू नये, असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. येथे जमलेल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा नियम परीक्षेपुरता पाठ न करता व्यवसायात आचरावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची मालमत्ता-विवरणे मे २०२५ मध्ये न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. माघारीच्या प्रश्नातही असाच खुलेपणा आला, तर निकाल विरोधात गेलेला पक्षकारही आपले म्हणणे समबुद्धीने ऐकले गेले, या विश्वासाने घरी परतेल. न्यायसंस्थेचे खरे बळ या विश्वासातच आहे.