हयातीचा दाखला



मी बँकेत कारकून आहे. नोव्हेंबर आला की पेन्शनधारकांचे हयातीचे दाखले घ्यावे लागतात. ज्यांना शाखेत येणे जमत नाही, अशांसाठी मी एका वृद्धाश्रमात जातो.

गेल्या वर्षी अंगठा देताना एका आजींनी विचारले, "साहेब, मी जिवंत आहे हे सरकारला कळले. माझ्या मुलाला कोण कळवणार?" मुलाचे पैसे दरमहा एक तारखेला न चुकता जमा होतात, हे मला ठाऊक होते. मी निरुत्तर झालो. त्यांचा हात धरून बसलेली तिथली मावशी म्हणाली, "मी लावते ना फोन." त्या मावशीची स्वतःची आई गावी एकटी असते, हे मला नंतर समजले.

२००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांचा निर्वाह ही मुलांची जबाबदारी ठरवली. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम उभारण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु कायदा निर्वाहभत्ता मिळवून देईल. माया कशी देणार? ती आपणच द्यायची.

म्हणून मित्रहो, वृद्धाश्रमात फळे वाटून, फोटो काढून लगेच परतू नका. आजी-आजोबांजवळ तासभर बसा. तेवढाच त्या मावशीला विसावा मिळेल, आपल्या आईला फोन करता येईल. आणि ज्यांचे आईवडील तिथे आहेत, त्यांनी पैशांबरोबर स्वतःही जावे. हयातीचा खरा दाखला तोच.