पत्र पूर्ण वाचा : यिर्मया २९ आणि आपला शास्त्राभ्यास



पवित्र शास्त्राचा अभ्यास काळजीपूर्वक आणि प्रार्थनापूर्वक कसा करावा, हा आजचा विषय आहे. रोज वाचा, वही ठेवा, गुडघे टेका, एवढे सांगूनही हे भाषण संपवता येईल. पण अशा सूचनांना आपण मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. म्हणून आज एकच वचन घेऊ आणि त्याचा अभ्यास आपण सर्व मिळून करू. यिर्मयाच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय, ११ वे वचन. जवळ बायबल असेल तर उघडून ठेवा.

हे वचन बहुतेकांना पाठ असेल. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, तो आपल्याला पुढची आशा देणार आहे, असा त्याचा आशय आहे. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर ते छापलेले असते. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलाला आपण ते वाचून दाखवतो. सकाळी मोबाईल उघडला की फुलांच्या चित्रावर तेच वचन आलेले असते. त्यात वाईट काही नाही. वचन खरे आहे. प्रश्न एवढाच, की ते वाचून आपण जे समजतो तेच त्यात सांगितले आहे का?

हा प्रश्न नुसता पंडितांचा नाही. माझ्या ओळखीचे एक कुटुंब आहे. घरातल्या तरुण मुलाला मूत्रपिंडाचा आजार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एका प्रार्थनासभेत कोणीतरी याच वचनावर बोट ठेवून आईला सांगितले, की विश्वास धरा, वर्ष संपायच्या आत मुलगा बरा होईल, देवाने लिहून दिले आहे. वर्ष संपले. डायलिसिस चालूच राहिले. ती माउली मला म्हणाली, “साहेब, मला एकच सांगा. देव खोटा, की माझा विश्वास खोटा?”

अर्धे वाचलेले वचन माणसाला कोठे नेऊन सोडते, ते पाहा. म्हणून काळजीपूर्वक वाचणे ही हौसेची गोष्ट नाही. त्यात कोणाचा तरी जीव गुंतलेला असतो.

सैन्यात लेखी हुकूम हाती आला, की आधी चार गोष्टी पाहायच्या असतात : कोणाकडून आला, कोणाला आला, कोणत्या तारखेचा आणि कशासाठी. मग मजकूर वाचायचा, तोही शेवटपर्यंत. मधली एक ओळ उचलून कोणी कूच केले तर माणसे मरतात. शास्त्र वाचतानाही हेच चार प्रश्न वहीत लिहा. मात्र त्याआधी एक लहानशी प्रार्थना करा : “प्रभू, मला हवे ते नको, तू बोलला आहेस ते मला ऐकू दे.” ही प्रार्थना लहान असली तरी सोपी नाही. आपल्याला काय ऐकायचे आहे ते बहुधा आपण आधीच ठरवून बसलेले असतो.

आता २९ व्या अध्यायाचे पहिले वचन पाहा. हे एक पत्र आहे. यिर्मया संदेष्ट्याने ते यरुशलेमेहून बाबेलात नेलेल्या लोकांना पाठवले. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि यहूदाचा तरुण राजा, राजमाता, सरदार, लढवय्ये, सुतार, लोहार अशा सर्वांना कैद करून नेले. २ राजे, अध्याय २४ मध्ये ही हकिकत आहे. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांवर यहूदाच्या त्या कैदी राजाला तेलाचा शिधा दिल्याची नोंद आहे. म्हणजे हे पत्र खऱ्या माणसांना, खऱ्या कैदेत मिळालेले आहे. घर गेले, मंदिर दूर राहिले, आजूबाजूची भाषा परकी. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता : परत कधी जायचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे तेव्हा लोकांच्या कानावर येत होती. त्यासाठी मागे जाऊन २८ वा अध्याय वाचावा लागतो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर म्हणाला, की दोन वर्षांत सर्व कैदी परत येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होते, तेही त्याने काढून मोडून टाकले. लोकांना केवढा आनंद झाला असेल! यिर्मया काय म्हणाला? आमेन, परमेश्वर तसे करो, असेच तो आधी म्हणाला. त्यालाही ते हवेच होते. पण देवाने तसे सांगितलेले नव्हते. हनन्या त्याच वर्षी मरण पावला आणि कैदी कैदेतच राहिले.

आता २९ व्या अध्यायातले १० वे वचन पाहा. आपल्या आवडत्या वचनाच्या अगदी वरचे. तेथे देव दोन वर्षे म्हणत नाही, सत्तर वर्षे म्हणतो. सत्तर वर्षे म्हणजे एका माणसाचे आयुष्य. हे पत्र पहिल्यांदा वाचले गेले तेव्हा जे चाळिशीत होते, त्यांच्यापैकी कोणालाही यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. आशेचे ते वचन या लोकांना दिलेले आहे. कॅलेंडरवर ११ वे वचन येते, १० वे येत नाही.

आणखी वर जा, ५ ते ७ वचने. दोन वर्षांनी परत जायचे असेल तर माणूस बोचके बांधून बसेल. देव सांगतो, घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहरात मी तुम्हांला नेले त्याचे हित पाहा आणि त्याच्यासाठी माझ्याजवळ प्रार्थना करा. कैद करून नेणाऱ्यांच्या शहरासाठी प्रार्थना!

आता शब्दांकडे पाहू. अभ्यासात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की त्याखाली रेघ ओढावी. मूळ हिब्रूत शालोम हा शब्द आहे. शांती, हित, कल्याण, सगळे त्यात येते. ७ व्या वचनात शहराच्या हितासाठी तो शब्द येतो, त्या एका वचनात तीनदा. ११ व्या वचनात देवाच्या संकल्पांसाठी तोच शब्द. २८ व्या अध्यायात शांतीचा संदेश देणाऱ्या संदेष्ट्याबद्दल यिर्मया बोलतो, तेथेही तोच. मराठीत तो कधी शांती, कधी हित असा येत असल्यामुळे सहज लक्षात येत नाही. म्हणून दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचावे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आले. एका बाईने आपल्या लोकांना शास्त्र समजावे म्हणून एवढे कष्ट घेतले. आपण निदान दोन पुस्तके उघडून ठेवू शकतो.

आपल्या भाषेची एक देणगीही येथे उपयोगी पडते. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच शब्द चालतो. मराठीत तसे नाही. देव यिर्मयाशी बोलतो तेव्हा तू म्हणतो. ११ व्या वचनात मात्र तुमच्याविषयी असे आहे, आणि मूळ हिब्रूतही तेथे अनेकवचन आहे. हे अभिवचन एकट्या माणसाच्या नोकरीबद्दल किंवा तपासणीच्या रिपोर्टबद्दल दिलेले नाही. ते एका प्रजेला दिले आहे. आजी मरेल, पण नातवंडे परत जातील. देव आपल्या लोकांना टाकून देणार नाही.

मग आपल्याला या वचनातून काहीच मिळत नाही का? मिळते, आणि कॅलेंडरवर मिळते त्याहून जास्त. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात सांगतो, की देवाची सर्व अभिवचने ख्रिस्ताच्या ठायी खरी ठरतात. आपण ख्रिस्ताचे असल्यामुळे त्या प्रजेत आपलीही गणना होते. पण वाट तीच आहे : आधी त्या कैद्यांना देव काय म्हणाला ते समजायचे, मग ख्रिस्ताकडे पाहायचे, आणि मग आपल्या घराकडे. पहिली पायरी गाळून उडी मारली तर आपण देवाच्या तोंडी आपलेच शब्द घालतो. हनन्याने तेच केले होते.

त्या आईबरोबर आम्ही हे तिन्ही अध्याय, २७ ते २९, मोठ्याने वाचले. तिने मध्ये बरेच प्रश्न विचारले. शेवटी थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, “म्हणजे देवाने तारीख दिली नव्हती. ती माणसांनी दिली.” आणि मग म्हणाली, “घरे बांधा म्हणतो, म्हणजे आमच्यासाठी गुरुवारचे डायलिसिस चुकवायचे नाही.” यापेक्षा चांगला शास्त्राभ्यास मी क्वचितच ऐकला आहे. मुलगा अजून आजारी आहे. पण आपल्या विश्वासात खोट आहे, हे ओझे तिच्या डोक्यावरून उतरले.

आता प्रार्थनेकडे येतो. पुष्कळांना वाटते, अभ्यास हे डोक्याचे काम आणि प्रार्थना हे हृदयाचे. काही जण वह्या भरतात आणि गुडघे टेकत नाहीत. काही जण रात्रभर प्रार्थना करतात आणि अध्याय उघडत नाहीत. यिर्मयाचेच लिखाण वाचणारा एक माणूस शास्त्रात आहे, त्याच्याकडे पाहा. दानीएल, अध्याय ९. तरुणपणी बाबेलात नेलेला दानीएल आता म्हातारा झाला आहे. दुसऱ्या वचनात तो सांगतो, की ग्रंथ वाचताना यिर्मयाने लिहिलेली सत्तर वर्षे त्याच्या ध्यानात आली. त्याने हिशेब केला. हा झाला अभ्यास. तिसऱ्या वचनात तो उपास करून, गोणपाट नेसून, राख घेऊन प्रार्थनेला बसला. दोन वचनांच्या मध्ये काही अंतर नाही.

मुदत भरत आली म्हणून त्याने सणाची तयारी केली नाही. त्याने पाप कबूल केले, आणि ते कबूल करताना त्यांनी पाप केले असे न म्हणता आम्ही पाप केले असे म्हटले. आमच्या नीतिमत्त्वामुळे नाही, तुझ्या दयेमुळे ऐक, अशी त्याची विनवणी होती. वाचलेल्या वचनातूनच त्याची प्रार्थना निघाली. यिर्मयाच्या पत्रातली १२ आणि १३ वचनेही प्रार्थनेकडेच बोलावतात. म्हणजे पत्राने जे सांगितले ते दानीएलाने केले. पुढे पारसाचा राजा कोरेश याने लोकांना परत जाण्याची आज्ञा दिली. एज्राच्या पुस्तकाचे पहिलेच वचन सांगते, की यिर्मयाच्या तोंडचे वचन पूर्ण व्हावे म्हणून हे घडले.

तर या आठवड्यासाठी एक काम देतो. सात दिवस, रोज अर्धा तास, हेच तीन अध्याय आणि दानीएल ९. आधी ती लहान प्रार्थना. पहिले दोन दिवस फक्त मोठ्याने वाचा, अर्थ सांगायची घाई नको. तिसऱ्या दिवशी वहीत ते चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे. चौथ्या दिवशी पुन्हा येणारे शब्द, दोन भाषांतरे घेऊन. पाचव्या दिवशी हे पत्र ख्रिस्ताकडे कसे बोट दाखवते, त्यावर मनन. सहाव्या दिवशी वाचलेल्या मजकुरातूनच प्रार्थना लिहा. सातव्या दिवशी एक आज्ञा पाळा. न पाळता सोडलेला अभ्यास अर्धाच राहतो.

कोणती आज्ञा पाळावी? ऐकणाऱ्यांत कोणी इंदूरला आहे, कोणी बडोद्याला, हैदराबादला, दिल्लीला. नोकरीमुळे, बदलीमुळे, लग्नामुळे आपण परक्या गावी राहतो आणि मनाने बोचके बांधून बसतो : इथे काय, दोन वर्षांनी जायचेच आहे. तुमच्या त्या शहरासाठी, तिथल्या शेजाऱ्यांसाठी, नगरपालिकेसाठी, शाळांसाठी नावे घेऊन प्रार्थना करा. आणि कोणी आजारी माणसाला वचन पाठवणार असाल, तर आधी ते पत्र पूर्ण वाचा, मग त्याच्या घरी जाऊन बसा.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, तू बोलतोस म्हणून तुझे आभार. तुझ्या वचनात आमच्या मनाचे घालण्यापासून आम्हांला राख. ज्यांना खोटी तारीख देऊन दुखावले गेले, त्यांना तू स्वतः जवळ घे. जेथे तू आम्हांला ठेवले आहेस तेथे घरे बांधायला, बागा लावायला आणि तुझी वाट पाहायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.