मागितलेली भाकरी आणि विकत घेतलेली ज्वारी
(संस्थेच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'आपल्या भागातील शेतकऱ्याला आधार आणि घरच्या ताटात आपल्याच भागाचे धान्य' असा विषय संस्थेने आम्हांस दिला. विषय ऐकायला साधा आहे. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहावा असा. परंतु आपल्या समाजापुढे तो मांडताना एक गोष्ट अगोदर बोलून घेतली पाहिजे. ती टाळून पुढे गेलो तर इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आमचे म्हणणे पटणार नाही, आणि पटूही नये.

गावचे धान्य म्हटले की आपल्या आजी-आजोबांना काय आठवत असे? खळ्याच्या कडेला ताटकळत उभे राहणे. येसकराची पाळी करून संध्याकाळी दारोदार गोळा केलेली भाकरी. सरकारी सारा गोळा करताना हाकारा करायचा, टपाल पोहोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि सुगीत बलुते मागायचे. काम बांधून दिलेले, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. त्यातील एक मागणी आज मुद्दाम आठवावी अशी आहे. बलुत्याच्या धान्याऐवजी रोख रक्कम ठरवावी आणि ती साऱ्याबरोबर सरकारने वसूल करून द्यावी, अशी ती मागणी होती. धान्य हातातून हातात येते तेव्हा त्याबरोबर देणाऱ्याचा तोराही येतो. पैसा ठरलेला असला म्हणजे तोरा उरत नाही. ते बिल तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ वतने कायद्याने नाहीशी व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

तेव्हा गावची भाकरी सोडणे ही आपली प्रगती होती. रेल्वे, लष्करी कारखाने, गिरण्या आणि शाळा यांनी आपल्या घरांना पगार दिला. मग आज आम्ही पुन्हा गावच्या धान्याची गोष्ट का काढतो? कारण आता आपण मागणारे नाही, गिऱ्हाईक आहोत. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत आपली मुले कामाला आहेत. त्यांच्या पगारातील मोठा भाग पोटापाण्यावर जातो. तो पैसा कोणाच्या हातात पडावा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला प्रथमच मिळाला आहे, आणि आपण तो न वापरता पिशवीबंद पिठाच्या दुकानात ठेवून येतो.

आता शेतकरी कोण, हेही पाहू. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो शेतकरी, असे आपण धरून चालतो. पण ज्वारी खुरपते कोण, काढते कोण, कांदा कापून पोती भरते कोण? त्यांत आपल्या वस्तीतील बायाबापड्या किती आहेत, हे मोजायला फार लांब जावे लागत नाही. शिवाय वतनाच्या जमिनीतून हिश्शाहिश्शाने उरलेले तुकडे आपल्यातील कित्येक घरांकडे आजही आहेत. बहुतेक जिराईत, बहुतेक कुणाला तरी अर्धलीने दिलेले. बाबासाहेबांनी १९१८ साली 'हिंदुस्थानातील लहान धारण क्षेत्रे आणि त्यांवरील उपाय' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर लावायला भांडवल, अवजारे किती आहेत यावर ठरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. त्याच्या जोडीला आमची एक लहानशी पुस्ती अशी की, माल घेणारे हक्काचे गिऱ्हाईक असणे हेही लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने एक प्रकारचे भांडवलच आहे.

आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. दौंडमध्ये खडकवासल्याचा कालवा जिथून जातो तिथे ऊस उभा आहे, गुऱ्हाळे धुरतात. आणि त्याच तालुक्यात रोटी, कुसेगाव, पडवीच्या अंगाला गेले की पिण्याच्या पाण्याची विवंचना. शिरूरचेही तसेच. घोड आणि भीमेच्या काठाला, चासकमानच्या कालव्याखाली बागाईत. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडे माळरान. ऊस आला म्हणून पक्की घरे झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण जिथे पाणी पोहोचले तिथून ज्वारी-बाजरी हटली, आणि जिथे पाणी नाही तिथे ती पिकविणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. भाकरीचे धान्य आता मुख्यतः कोरडवाहू माणसाकडेच आहे, म्हणजे ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याकडे.

विद्यार्थ्यांना इनामगावबद्दल सांगितले पाहिजे. घोड नदीच्या काठचे हे गाव आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरे, धान्याची कोठारे, पाणी वळविण्यासाठी काढलेला चर आणि जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे सापडले. त्यांत जव होते, मसूर होती, आणि हुलगाही होता. तोच हुलगा, ज्याचे शेंगोळे आपल्या घरी थंडीत होतात. म्हणजे या मातीत हुलगा खाल्ला जातो त्याला तीन हजार वर्षे झाली. पुढे हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, माणसे शेळ्या-मेंढ्या व शिकारीवर जास्त अवलंबून राहू लागली आणि अखेर ती वस्ती उठली. दुष्काळ आपल्याकडे नवा पाहुणा नाही.

लांबच्या बाजारावर सगळी भिस्त ठेवली म्हणजे काय होते, याचा धडाही याच तालुक्यात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, सारा मात्र वाढलेला आणि कर्ज तसेच. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. दुसऱ्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि कर्जरोख्यांची होळी झाली. चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला, १८७९ साली कायदा आला. अमेरिकेतील लढाईने करड्याच्या कुणब्याचे घर बुडाले.

हे जुने झाले म्हणावे तर कांद्याकडे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठविली. मधल्या महिन्यांत केडगावच्या, शिरूरच्या बाजारात पोती घेऊन आलेल्या माणसाने काय करावे, हे कोणी सांगितले नाही. आपण एका कुटुंबाने दोन पोती कांदा घेतल्याने निर्यातबंदी भरून निघत नाही, हे आम्हांस कळते. परंतु ज्याचे निम्मे शेत गावातल्या आणि तालुक्यातल्या पोटासाठी पिकते, त्याला दिल्लीच्या एका आदेशाने बुडविणे तितके सोपे राहत नाही.

आता आपल्या ताटाकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी ज्यांनी खाल्ली ते ज्येष्ठ आज सभेत आहेत. त्या मिलोने जीव जगविले. मात्र त्या काळापासून एक सवय लागली. धान्य म्हणजे दुकानातून येते ते. पुढे रेशनचा गहू-तांदूळ आला, शाळेत खिचडी आली. आणि आपल्यात एक समजूत रुजली की, भाकरी गरिबाची आणि चपाती पाहुण्याची. पाहुणा आला की बाजरीचा डबा मागे सरकतो, हे घरोघरी चालते. गंमत अशी की, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, आणि आता पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत तीच भाकरी चपातीपेक्षा महाग मिळते. बाजरीत तांदळापेक्षा लोह कितीतरी अधिक असते. आपल्या मुलींच्या आणि बाळंतिणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे दवाखान्यात वारंवार सांगितले जाते, तेव्हा डब्याची जागा बदलणे हे काही मोठे धाडस नव्हे.

आणखी एक गोष्ट स्त्रियांना जास्त ठाऊक आहे. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते. ज्वारीच्या शिळ्या पिठाचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना तडकते. म्हणजे हे धान्य दळून लांब पाठविण्यासारखे नाहीच. ते जवळच्या शेतातून यावे, जवळच्या गिरणीत थोडे थोडे दळावे, असा त्याचा स्वभाव आहे.

हिशेब करून पाहू. पाच माणसांचे घर. दिवसातून एकच वेळ भाकरी, माणशी दोन, भाकरीला सुमारे शंभर ग्रॅम पीठ. रोज एक किलो झाले. वर्षाला पावणेचार क्विंटल. आपल्या कोरडवाहू रानात शाळू एकरी तीन-चार क्विंटल येतो. म्हणजे एका घराची एक वेळची भाकरी ही एक एकर जिराईत रान जगविते. या सभागृहात शंभर घरे धरली तर शंभर एकर.

हे जमवायचे कसे? शाळूची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, बाजरीची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. शेतकऱ्याला पैशाची निकड नेमकी तेव्हाच असते, आणि म्हणून तेव्हाच त्याला कमी भावात माल सोडावा लागतो. आडत, हमाली, तोलाई वेगळीच. शेतकऱ्याने आपला माल आपल्याला घरच्या खाण्यासाठी विकला तर बाजार समितीचा कायदा आड येत नाही. फळे-भाजीपाला तर २०१६ साली बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्तच झाला. तेव्हा दहा-दहा घरांनी गट करावा, सुगीच्या अगोदर शेतकऱ्याशी बोलून ठेवावे, बाजारात त्या आठवड्याला जो भाव असेल तो द्यावा आणि खळ्यावरच रोख द्यावा. उधारी करू नये. घासाघीस करायला जाऊ नये. ज्यांच्या घरी बलुते मागितले गेले त्यांनी तर मुळीच नाही. पण माल निवडून, शिक्क्याच्या काट्यावर मोजून घ्यावा. गिऱ्हाईक म्हणून तो आपला हक्क आहे.

एक अट मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. ज्याच्याकडून घ्यायचे, त्याने खुरपणी-काढणीच्या बायांची मजुरी वेळेवर आणि पुरी दिलेली असली पाहिजे. हे विचारायला संकोच वाटू नये, आपल्याच बायकांना विचारले की कळते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाचे कर्तव्य सांगताना कामकऱ्याच्या कुवतीप्रमाणे काम, त्याला अन्न व वेतन आणि आजारपणात शुश्रूषा ही सांगितली आहेत. आणि पहिली खरेदी आपल्यातल्याच तुकडेवाल्यांकडून व्हावी. अर्धलीने दिलेले रान परत स्वतः पेरायला कुणी तयार झाले, तर त्याचा माल घेण्याची हमी गटाने द्यावी.

कुणी म्हणतील, ज्या घराला रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळते त्याने शाळू विकत का घ्यावा? त्यांच्यावर हा बोजा आम्ही टाकीत नाही. अन्नसुरक्षेचा कायदा हा हक्क आहे, तो सोडू नये. उलट २०१३ च्या त्या कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही नमूद आहे. आपल्या तालुक्याच्या दुकानात आपल्याच तालुक्याची ज्वारी-बाजरी द्या, अशी मागणी आपण निवेदनाने करू शकतो. पगारदार घरांनी मात्र सबब सांगू नये.

संस्थेलाही दोन शब्द. वैशाख पौर्णिमेच्या भोजनदानाला आपण शहरातून पोत्यांनी तांदूळ आणि बेसनाची बुंदी आणतो. एक वर्ष भाकरी, हुलग्याची आमटी आणि इथलाच गूळ करून पाहावा. १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो माणसे येतात. पुलाच्या एका बाजूला पेरणे, दुसऱ्या बाजूला आपला शिरूर तालुका, आणि आलेला माणूस बिस्किटाचा पुडा खाऊन परत जातो. आपल्या महिला मंडळांनी त्या दिवशी पिठले-भाकरीचे स्टॉल लावले तर पैसाही इथेच राहील आणि येणाऱ्याला इथले अन्नही मिळेल. जागेची व पाण्याची परवानगी बरीच आधी मागावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्यांनी एक महिनाभर वहीत लिहावे की, आज ताटात काय होते आणि ते कुठून आले. आईला विचारावे, दुकानदाराला विचारावे. 'माहीत नाही' असे उत्तर आले तर तेही लिहावे.

पुढच्या शाळूसाठी ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी सभेनंतर कार्यवाहांकडे घरातील माणसांची संख्या आणि लागणारे क्विंटल लिहून द्यावेत. धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवले तर पावसाळ्यात किडा लागत नाही. पोती प्रत्येकाने घरून आणावीत. बारदानाचे पैसे वेगळे पडतात.

जयभीम.