कान दुखतो, पण जंतू येतात नाकातून

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी पालक मेळाव्यातील भाषण)



सत्कार, हळदीकुंकू, गाणी असं सगळं असताना समितीने मला कानावर बोलायला सांगितलं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दोनला माझी बेल वाजते ती बहुधा कानासाठीच. बाबा थर्ड शिफ्टला, आई एकटी आणि मूल कान धरून रडतंय.

तोवर आजींनी लसणाचं कोमट तेल घातलेलं असतं. आजी, रागावू नका, पण ते तेल पडद्यापाशीच थांबतं. दुखणं असतं पडद्याच्या पलीकडे, मधल्या कानात. आणि पडदा फुटून कान वाहत असेल, तर तेल आत जातं. ते नकोच.

मग जंतू आत शिरतात कुठून? नाकातून. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी असते. मोठ्या माणसात ती उतरती असते, बाळात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजून बंद झाली, की आत पाणी साचतं. एरवी नाकात गुपचूप राहणारे जंतू त्यात वाढतात आणि पू होतो. मुख्य जंतू तीन: न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला. पाठ करू नका, परीक्षा नाही!

न्यूमोकोकसच्या काही प्रकारांवर पीसीव्ही लस आहे. 2021 पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. पुण्याची सीरमही ती बनवते. ही लस मुख्यतः न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासाठी, कानाला फायदा होतो तो थोडा. एका ताईंनी विचारलं, "पेंटाव्हॅलंटमध्ये हिमोफिलस आहे ना?" आहे, पण तो टाइप बी. कानात सापडतो तो बहुधा वेगळा प्रकार, त्याला ती लस लागू पडत नाही. म्हणून सगळ्या लसी झालेल्या मुलाचाही कान दुखू शकतो.

अँटिबायोटिक दर वेळी लागतंच असं नाही. मूल दोन वर्षांवरचं, दुखणं सौम्य, ताप कमी असेल, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन, डॉक्टरांना दाखवून दोन-तीन दिवस वाट पाहता येते. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र थांबायचं नाही. आणि सुरू केलं तर सांगितलेले दिवस पुरे करा. शेजारच्या फ्रिजमधली उरलेली बाटली आणू नका.

कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मूल मलूल झालं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री घाटी किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

दुखणं थांबलं तरी पाणी कधीकधी आठवडे आत राहतं. मूल हाकेला वळत नाही, टीव्ही मोठा करतं, आपण म्हणतो हट्टी झालंय. बोलायला शिकायच्या वयात हे तीन महिने चाललं, तर ऐकण्याची तपासणी करून घ्या.

बाटलीने पाजताना बाळाचं डोकं वर ठेवा. घरात सिगारेट नको, गॅलरीतही नको.

शंका असतील तर चहाच्या वेळी विचारा. पण कान दाखवायचा असेल तर बाळाला घेऊन या, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत पडदा दिसत नाही.