एका पोटांत दोन औषधें

औषध हा रोगाचा शत्रु; तेव्हां औषधें जितकीं अधिक तितकी रोगावर सरशी लवकर, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु दोन औषधें एकाच शरीरांत गेलीं म्हणजे तीं परस्परांच्या मदतीलाच धांवतील असा नेम नाहीं. कधीं एक दुसऱ्याचें बळ हिरावून घेतें, तर कधीं तें इतकें वाढवितें कीं औषधाचेंच विष व्हावें. रक्ताच्या कर्करोगावरील गोळी आणि नेहमींचें प्रतिजैविक यांची गांठ पडली असतां या दोन्ही गोष्टी घडूं शकतात.

ही गांठ कशी पडते हें समजण्यास रायगड जिल्ह्यांतील कर्जत-खालापूरचा मुलूख घ्यावा. बोरघाटाच्या पायथ्याचें कर्जत स्टेशन मुंबईपासून सुमारें १०० किलोमीटरांवर आहे, आणि खोपोलीचा फांटाही तेथेंच येऊन मिळतो. ल्युकेमियाचें निदान झालें म्हणजे या भागांतील रोग्यास परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय गांठतां येतें. तें १९४१ सालीं सुरू झालें. त्याच संस्थेचें एक केंद्र आतां खारघरलाही आहे. परंतु कर्करोगाची गोळी मुंबईहून आणली तरी ताप व खोकला गांवींच येतो, आणि त्यावरचें औषध नेरळ, चौक किंवा खोपोली येथील डॉक्टर देतात. रोगी एक, वैद्य दोन. आणि एकानें काय दिलें हें दुसऱ्यास ठाऊक नसतें. खरा धोका या फटींत आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारांत दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक विपरीत प्रथिन तयार होतें आणि तें पांढऱ्या पेशींची वाढ थांबूं देत नाहीं. २००१ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें इमॅटिनिब त्या प्रथिनाचें कार्य बंद पाडतें. पूर्वीं जो रोग कांहीं वर्षांत प्राण घेई, तो या गोळीमुळें पुष्कळांच्या बाबतींत आवांक्यांत आला. मात्र गोळी रोज व वर्षानुवर्षें घ्यावी लागते, आणि रक्तांत तिचें प्रमाण पुरेसें राहावें लागतें.

हें प्रमाण ठरतें कसें? हौदांत नळानें पाणी येतें व मोरींतून जातें. मोरी रुंद केली तर हौद भरत नाहीं. बुजविली तर तो उतूं जातो. इमॅटिनिबच्या बाबतींत ही मोरी म्हणजे यकृतांत व आतड्याच्या अस्तरांत असणारें सीवायपी-३ए४ नांवाचें विकर. तें या औषधाचें विघटन करतें.

क्षयावरील रिफॅम्पिसिन ही मोरी रुंद करतें. निरोगी माणसांना ८ दिवस रोज ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन देऊन नंतर इमॅटिनिब दिलें, तेव्हां शरीरास मिळालेलें इमॅटिनिब एकंदरीनें सुमारें ७४ टक्क्यांनीं घटलें. म्हणजे रोगी गोळी नेमानें गिळतो, पण तिचा जेमतेम चतुर्थांश कामास येतो; आणि हें त्याला कोणत्याही वेदनेनें कळत नाहीं. शिवाय क्षयाच्या एकाच गोळींत तीन-चार औषधें एकत्र असतात, त्यामुळें आपण रिफॅम्पिसिन घेत आहों याची अनेकांना जाणीवच नसते. लघवीला येणारा नारिंगी-तांबूस रंग ही त्याची एक खूण होय. औषध थांबविल्यावरही त्याचा परिणाम ओसरण्यास सुमारें दोन आठवडे लागतात.

उलटपक्षीं, छातीच्या विकारांत दिलीं जाणारीं क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन हीं प्रतिजैविकें तीच मोरी बुजवितात. मग इमॅटिनिब रक्तांत सांचतें आणि सूज, मळमळ, रक्तपेशी घटणें असे त्रास वाढूं शकतात. त्याच कुळांतील ॲझिथ्रोमायसिनचा या विकरावर फारसा परिणाम होत नाहीं. परंतु निलोटिनिब या दुसऱ्या गोळीनें हृदयाची लय बिघडण्याचा धोका मुळांतच असतो. तिच्याबरोबर मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा वरील कुळांतील औषध देतांना अधिक जपावें लागतें.

मुलांच्या ल्युकेमियांत मेथोट्रेक्सेटचा प्रश्न निराळा आहे. तें पेशींना फॉलिक आम्लाचा उपयोग करूं देत नाहीं. को-ट्रायमोक्साझोलमधील ट्रायमेथोप्रिम जंतूंच्या बाबतींत तेंच करतें, आणि थोडा परिणाम मानवी पेशींवरही करतें. दोहोंचा भार अस्थिमज्जेवर पडतो. पेनिसिलिनच्या वर्गांतील औषधें मूत्रपिंडांतून मेथोट्रेक्सेट बाहेर पडण्यास अडथळा करूं शकतात. तरीही एका विशिष्ट न्यूमोनियापासून बचाव म्हणून अशा मुलांना को-ट्रायमोक्साझोल आठवड्यांतून दोन-तीन दिवस बुद्ध्या देतात. तेथें रक्ततपासणीचा पहारा असतो. म्हणून जें निष्काळजीपणें घातक तेंच देखरेखीखालीं हितकर ठरतें.

या दोन कुळांचा इतिहासही एका ठिकाणीं येतो. भीमवरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत संशोधनाचे प्रमुख होते. तेथील अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनीं मुलांचा ल्युकेमिया तात्पुरता हटविला, तें वर्ष १९४८; आणि ऑरिओमायसिन हें प्रतिजैविक त्याच प्रयोगशाळेंतून त्याच वर्षीं जगापुढें आलें. सुब्बाराव त्याच साली वारले.

यावरून प्रतिजैविकच घेऊं नये असा अर्थ कोणीं काढूं नये. ल्युकेमियाच्या रोग्यास साधा तापही प्राणघातक ठरूं शकतो, आणि अर्धवट सोडलेला क्षयोपचार तर दुहेरी अनर्थ होय. अशा वेळीं कर्करोगतज्ज्ञ इमॅटिनिबची मात्रा वाढवितात, रिफॅम्पिसिनऐवजीं रिफाब्युटिनचा विचार करतात, किंवा रक्ततपासणी अधिक वेळां करवितात. हा निर्णय त्यांचा. घरच्या माणसांचें काम त्याहून सोपें आहे. कर्करोगाची फाईल व चालू गोळ्यांचीं पाकिटें प्रत्येक डॉक्टरापुढें ठेवावीं, औषधांच्या दुकानांतून परस्पर प्रतिजैविक आणूं नये, आणि नवें औषध चालू किंवा बंद होतांच रुग्णालयास कळवावें. दोन डॉक्टरांच्या मधली फट बुजविण्यास विद्वत्ता लागत नाहीं. गोळीचें नांव लिहिलेली एक चिठ्ठी पुरते.