व्यासपीठ आणि पाळणा

'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद मराठी घरांत आता विधीपुरताच उरला आहे. तो केव्हा मागे पडला हे कोणी सांगू शकणार नाही. मागे पडावा असा हुकूमही कोणी काढला नव्हता. तमिळ भाषेत असाच १६ संपत्तींचा आशीर्वाद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईतील एका सामुदायिक विवाहसमारंभात मुख्यमंत्री स्टालिन यांनी त्याची आठवण काढली आणि लोकसभेतील जागा घटणार असतील तर १६ अपत्येच का असू नयेत, असा प्रश्न केला. प्रश्न विनोदाचा, पण त्यामागची चिंता खरी. राज्यांच्या जागांची वाटणी १९७६ च्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठविली गेली. नव्या गणनेवर ती केल्यास ज्यांनी कुटुंब लहान ठेवले त्यांचाच वाटा घटावयाचा.

त्याच सुमारास आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडूही अधिक अपत्यांचा आग्रह धरू लागले. दोहोंहून अधिक मुले असणाऱ्यांना तेथे पंचायतीची निवडणूक लढविण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी होती. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये उठली. पुढे मार्च २०२५ मध्ये विजयनगरमच्या खासदारांनी तिसरे अपत्य मुलगी झाल्यास ५०,००० रुपये आणि मुलगा झाल्यास गाय देऊ केली. गाय दूध देईल. शाळेची फी भरणार नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये आंध्रात १.७, महाराष्ट्रातही १.७ आणि गोव्यात १.३ होती. मुली शिकल्या, जन्मलेली मुले जगू लागली, मुलांना वाढविण्याचा खर्च वाढला. त्यातून हे आकडे आले. व्यासपीठावरच्या शब्दाचा त्यांत वाटा थोडा.

तो शब्द हुकूम होऊन दारात येतो, तेव्हा मात्र गोष्ट निराळी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. शाळामास्तरांनाही माणसे आणण्याची संख्या ठरवून दिलेली असे. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारतातील मतदारांनी त्याचे उत्तर दिले. 'कुटुंब नियोजन' खात्याचे 'कुटुंब कल्याण' झाले. पण पुरुष त्या वाटेला फारसे फिरकले नाहीत. ओझे बायकांकडे गेले, ते तेथेच राहिले. वरील पाहणीत दर १०० विवाहित स्त्रियांमागे ३७.९ स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. नवऱ्याची झालेल्या ०.३.